मैत्री भावना करताय? मग या चुका टाळा

इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यना ध्यानाचा कोर्स करून आले, दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची मैत्री भावना, शिकवतात तेव्हा डोळ्यांत पाणी वगैरे, सगळं जग आपलं. घरी येऊन तिसऱ्या दिवशी सोसायटीतल्या काकांनी माझ्या स्कूटीची हवा सोडली, त्यांच्या कुंड्यांना खेटून लावली म्हणून, आणि माझी मैत्री पार्किंगमध्येच संपली.

सगळ्यात मोठी चूक मग केली. रोज डोळे मिटून काकांनाच धरायचे, 'काका सुखी होवोत', आणि दोन मिनिटांत डोक्यात भांडण चालू, त्यांना काय सुनवायला हवं होतं त्याचे डायलॉग. पाचव्या शतकात बुद्धघोष या बौद्ध पंडितांनी विसुद्धिमग्ग या ग्रंथात सरळ लिहून ठेवलंय की वैऱ्यापासून सुरू करू नका. आधी स्वतः, मग ज्याच्याबद्दल आदर आहे असं कुणी, मग जिवलग, मग ना ओळख ना वैर असा माणूस (माझा दूधवाला, चार वर्षं दूध घेतेय, नाव आत्ता विचारलं), आणि वैरी एकदम शेवटी. तिथे राग उसळला की मागच्या माणसाकडे परत यायचं, त्यात कमीपणा नाही.

गेलेल्या माणसावरही करू नका म्हणतात. त्याच ग्रंथात एका तरुण भिक्खूची गोष्ट आहे, गुरूंवर मैत्री करतोय पण काही केल्या जमेना, शेवटी कळलं गुरू वारलेत. मी आजीला धरून बसायचे आणि नुसती रडायचे, ते का ते तेव्हा कळलं. रडणं वाईट नाही, पण ती करुणा नव्हे. रात्री दोनपर्यंत युद्धाचे व्हिडिओ बघत हळहळणं पण त्यातलंच, करुणेसारखं दिसतं म्हणून फसतो आपण.

आणि उपेक्षा! मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, त्यामुळे चार भावनांपैकी मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) झाल्या की चौथीला लोक सोयीने 'मला काय त्याचं' करून टाकतात. पाली भाषेतली उपेक्खा म्हणजे मन समतोल ठेवणं, तोंड फिरवणं नाही.

सहन करत बसणं म्हणजे करुणा, हाही गैरसमज. मी दोन महिन्यांनी काकांकडे गेले आणि सांगितलं, काका, गाडी अडचणीची होत असेल तर बेल वाजवा, मी हलवते, पण हवा सोडायची नाही. आवाज थोडा चढलाच. काका अजून हसत नाहीत, बेल मात्र सकाळी सहालाच वाजवतात.