एमएमएचा पहिला शो भरवताय? या चुका टाळा

पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या लढतींच्या, जिम झाल्या आहेत. पोरं तयार होतायत, पण त्यांना लढायला शो पुरत नाहीत. त्यामुळे नवे प्रमोटर हवेतच. मात्र पहिल्या शोचं बजेट मांडताना बहुतेकांच्या कागदावर सगळ्यात वर एलईडी वॉल, डीजे आणि प्रमुख पाहुणे असतात. डॉक्टर, रेफरी आणि फायटरच्या रक्ततपासण्या तळाला, 'बघू नंतर' म्हणून. हा क्रम उलटा केलात तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

जोड चुकली की शो गेला

तिकिटं खपवणारा स्थानिक फायटर जिंकावा म्हणून त्याच्यासमोर कच्चं पोरगं उभं करायचं, याहून घातक चूक नाही. चाळीस सेकंदांत बाउट (लढत) संपते, त्या पोराचा जबडा फुटतो आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. कुस्तीच्या मैदानासाठी जोड नेमताना जाणते वस्ताद वजन, वय, तालीम आणि मागची कुस्ती कुणाशी झाली हे सगळं विचारून घेतात, आणि एवढं करूनही जोड तोलाची नसली तर प्रेक्षक गप्प बसत नाहीत. केजला, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतींना, हीच शिस्त लावा.

कागदावरचा रेकॉर्ड अर्धीच गोष्ट सांगतो. '०-०' असलेला, म्हणजे एकही बाउट न लढलेला मुलगा लहानपणापासून तालमीत घाम गाळलेला असू शकतो. तीन बाउट जिंकलेल्या स्ट्रायकरला (ठोसे-लाथांवर भर देणाऱ्याला) तो पहिल्याच मिनिटाला पट काढून खाली आणेल आणि उठू देणार नाही. २०१७ मध्ये यूएफसी या अमेरिकेतल्या मोठ्या एमएमए संस्थेत उतरलेला मुंबईचा भरत खंडारे कुस्तीतूनच आलेला होता, हे विसरू नका. म्हणून दोन्ही कोचना वेगवेगळे फोन करा. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, वुशू, कुस्ती, सगळ्या लढती विचारा, व्हिडिओ मागा. शेवटचा नॉकआउट कधी झाला, सरावात झाला असला तरी, हा प्रश्न आवर्जून विचारा. कोच उत्तर द्यायला घुटमळला तर त्या पोराला कार्डावर (शोच्या बाउटच्या यादीत) घेऊ नका.

पहिल्या शोमध्ये बहुतेक बाउट हौशी नियमांच्या ठेवा, म्हणजे तीन-तीन मिनिटांचे तीन राउंड आणि कोपराचे प्रहार बंद. प्रोफेशनल बाउट दोन-तीन पुरेत.

वजनाकडे दुर्लक्ष

डिसेंबर २०१५ मध्ये मनिला इथे वन चॅम्पियनशिप या एमएमए संस्थेच्या शोआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी फायटर वजन उतरवताना गेला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी घातली आणि लघवीच्या तपासणीवरून शरीरात पाणी पुरेसं आहे की नाही हे बघायला सुरुवात केली. तुमच्याकडे तेवढी यंत्रणा नसेल, पण एक गोष्ट नक्की करता येते. बाउट ठरवतानाच आजचं वजन विचारा आणि काट्यावर उभं राहून काढलेला व्हिडिओ मागा. आज ७६ किलोचा असलेला मुलगा दहा दिवसांत ६५.८ करतो म्हणाला तर त्याला फेदरवेटमध्ये घेऊच नका, वरचा गट द्या.

वजनाच्या दिवशीची सगळ्यात सामान्य भांडणं काट्यावरून होतात. हॉटेलच्या गालिच्यावर ठेवलेला काटा एक सांगतो, तोच काटा फरशीवर ठेवला की दुसरं. रात्रभर तोंडात पाण्याचा थेंब न घेतलेला मुलगा तीनशे ग्रॅमसाठी अडला की त्याचा कोच तुमच्या अंगावर येणार, आणि काटा गालिच्यावर असेल तर तो कोच खोटं बोलत नसेल. काटा प्रमाणित करून घ्या, कडक सपाट फरशीवर ठेवा, आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांना वापरायला खुला करा, आणि वजन त्याच काट्यावर, त्याच जागी घ्या. वजन चुकलं तर पर्समधला (लढण्याच्या मानधनातला) किती टक्के वाटा प्रतिस्पर्ध्याला जाईल, हे करारात आधीच लिहिलेलं असू द्या.

डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स

जुलै २०२२ मध्ये बंगळुरूत एका राज्यस्तरीय किकबॉक्सिंग स्पर्धेत ठोसा लागून कोसळलेला म्हैसूरचा तरुण खेळाडू दोन-तीन दिवसांत वारला. वैद्यकीय सोय नव्हती, असा आरोप घरच्यांनी केला आणि आयोजकांवर गुन्हा दाखल झाला. हे वाचूनही ज्याला एका ॲम्ब्युलन्सवर भागवायचं आहे, त्याने कृपा करून शो भरवू नये.

ॲम्ब्युलन्स दोन लागतात. पहिली जखमीला घेऊन गेली की केजपाशी काहीच उरत नाही, आणि दुसरी हजर नसेल तर पुढची बाउट सुरू करता येत नाही. डोक्याचा मार ओळखणारा डॉक्टर केजला खेटून बसलेला हवा. न्यूरोसर्जन असलेल्या जवळच्या हॉस्पिटलला तारीख आणि वेळ आधी कळवा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे रिपोर्ट हातात आल्याशिवाय कुणालाही केजमध्ये सोडू नका. दुपारी एकदा स्ट्रेचर घेऊन केजच्या दारापासून रस्त्यापर्यंत स्वतः चालून बघा. ते दार अरुंद निघतं किंवा मागच्या गेटसमोर दुचाक्या लावलेल्या असतात. हे दुपारी कळलं तर सोडवता येतं.

रेफरीबाबतही तडजोड नको. केजमधल्या दोघांपैकी एकाच्या जिमचा माणूस त्या बाउटला रेफरी किंवा जज चालणार नाही, तो कितीही सरळ असला तरी.

एकाच नावावर सगळा शो

४ ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत एलिटएक्ससी या एमएमए कंपनीने किम्बो स्लाइस या फायटरच्या नावावर शो उभा केला होता. त्याच दिवशी प्रतिस्पर्धी केन शॅमरॉकला डोळ्याजवळ जखम झाली. आयत्या वेळी अंडरकार्डमधला (मुख्य लढतीआधीच्या बाउटमधला) सेथ पेट्रुझेली उभा केला आणि त्याने किम्बोला १४ सेकंदांत पाडलं. त्याच महिन्यात कंपनी बंद पडली. यूएफसीलासुद्धा २०१२ मध्ये मुख्य लढतीतला डॅन हेंडरसन जखमी झाल्यावर यूएफसी १५१ हा अख्खा शो रद्द करावा लागला होता.

दहा बाउटचं कार्ड केलंत तर दोन-तीन मोडणार हे धरूनच चाला. दोन वजनगटांत तपासण्या झालेले राखीव फायटर ठेवा आणि न लढताही त्यांना थोडे पैसे द्या. पोस्टरवर एकच चेहरा छापू नका.

वेळ आणि परवानग्या

पोलीस, अग्निशमन दल, ध्वनिक्षेपक, संगीताचे हक्क, हे अर्ज महिनाभर आधी सुरू करा. मोकळ्या मैदानात रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि याचा हिशोब कुणी करत नाही. प्रोफेशनल बाउटचे पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड आणि मधली दोन मिनिटं मिळून १७ मिनिटं. त्यात वॉकआउट (फायटरचं केजपर्यंत चालत येणं), घोषणा आणि निकाल धरले की २५. दहाही बाउट अशाच ठेवल्यात आणि पूर्ण चालल्या तर चार तास दहा मिनिटं. मग सहाला सुरुवात केलीत तरी मेन इव्हेंट दहाच्या पलीकडे जाईल.

आणि सत्कार! शाल-श्रीफळ, नगरसेवकांचं मनोगत, प्रायोजकांसोबत फोटो, सगळं पहिल्या बाउटच्या आधी उरका. मधे भाषण सुरू झालं की आत पॅडवर अंग तापवून बसलेला फायटर थंड पडतो आणि तसाच केजमध्ये जातो. त्यात त्याला दुखापत होऊ शकते. पाहुण्यांना हे आधी नीट सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

पैसे

प्रायोजकाचा चेक शोनंतर येईल, असं समजून फायटरला पर्स कबूल करू नका. जेवढी रोकड हातात आहे त्यावरच कार्ड ठरवा. लढण्याचे आणि जिंकण्याचे पैसे त्याच रात्री, पावती घेऊन द्या. करार फायटरला समजेल अशा भाषेत असावा आणि केजमध्ये मोडलेल्या हाताचा खर्च कोण करणार हे त्यात स्पष्ट असावं. माझ्या मते तो प्रमोटरनेच करायला हवा.

शो संपला की प्रत्येक फायटरला डॉक्टरसमोर पुन्हा बसवा. नॉकआउट झालेल्याला किमान ६० दिवस लढू नये, असं लेखी द्या आणि एक प्रत त्याच्या कोचकडे पाठवा. आपल्याकडे असल्या विश्रांतीवर लक्ष ठेवणारं सरकारी कमिशन नाही. दुसऱ्या शहरातला प्रमोटर पुढच्याच आठवड्यात त्या पोराला फोन करू शकतो, म्हणून तुमच्या माहितीतल्या सगळ्या प्रमोटरांनाही त्याच रात्री कळवा.