फारसी मुलांसाठी चित्र-शब्द चाचणी बनवताय? या चुका टाळा

चार चित्रं समोर, परीक्षक एक शब्द उच्चारतो, मूल बोट दाखवतं. मुलांना किती शब्द कळतात हे मोजणारी, 1959 पासून वापरात असलेली अमेरिकी पीबॉडी चाचणी अशी चालते. काम इतकं सोपं दिसतं, की इंग्रजी यादी फारसीत उतरवली की झालं असं वाटतं.

सगळ्यात महागात पडते ती शब्दांचा सोप्याकडून अवघडाकडे जाणारा मूळ क्रम तसाच ठेवण्याची चूक. 'ऑस्ट्रिच' हा शब्द इंग्रजी मुलाला माहीत असतो किंवा नसतो. फारसीत तो 'शोतोरमोर्ग', म्हणजे उंट-पक्षी. आयुष्यात न ऐकलेलं मूलही पक्षी शोधून बरोबर बोट ठेवेल. (मराठीत उलटं: 'शहामृग' ऐकून एखादं पोर हरीण दाखवायचं!) बटाटा म्हणजे 'सीबजमिनी', जमिनीतलं सफरचंद, शेजारी सफरचंद काढलंत तर फसगत ठरलेली.

क्रियापदांत तर आणखी गुंता. दात घासणे म्हणजे 'मेस्वाक जदन', आणि मेस्वाक म्हणजे टूथब्रश. ब्रश एकाच चित्रात असेल तर क्रियापद न कळताही उत्तर बरोबर येतं. म्हणून चारही चित्रांत ब्रश हवा: कुणी तो धुतंय, कुणी विकत घेतंय, कुणी दात घासतंय.

क्रमाचं एवढं का? पीबॉडीच्या चौथ्या आवृत्तीत 228 शब्द आहेत, 12-12 चे 19 गट, सोप्याकडून अवघडाकडे. एका गटात 8 चुका झाल्या की थांबायचं. क्रम बिघडलेला असेल तर मुलाला येणारे पुढचे शब्द विचारलेच जात नाहीत. तेव्हा पहिल्या फेरीत थांबण्याचा नियम बाजूला ठेवा, वेगवेगळ्या वयाच्या मुलांना भरपूर शब्द विचारा (एका बैठकीत नको, कंटाळतात) आणि क्रम नव्याने लावा. नुसत्या अंदाजानेही 25 टक्के उत्तरं बरोबर येतात, हे विसरू नका. तीन वर्षांची आणि सहा वर्षांची मुलं ज्या शब्दावर सारखीच चुकतात, तो सरळ काढून टाका.

'शीर'पासून सावध. तेहरानमध्ये शीर म्हणजे सिंह, दूध आणि नळसुद्धा. यांतली दोन चित्रं एका पानावर आली की पान बाद. काबूलच्या फारसीत मात्र सिंह 'शेर' आणि दूध 'शीर', तिथे सिंह-दुधाचं पान चालून जाईल. 'दस्त'चंही तसंच, आपल्या 'हाता'सारखा तो पंजाही आणि अख्खा हातही.

उच्चार आधी ठरवा. पुस्तकातलं 'नान' (रोटी) घरात 'नून' होतं, 'खाने'चं (घर) 'खूने'. एक परीक्षक पुस्तकी बोलला, दुसरा घरगुती, तर गुणांची तुलना कशाची करणार? आणि नानच्या चित्रात स्लाइस ब्रेड नको, संगक किंवा बार्बारी या इराणी रोट्या काढा.

इराणमध्येही तबरीज शहरातल्या पोराची घरची भाषा बहुधा आझरी तुर्की, सनंदज शहरातल्या पोराची कुर्दी. त्यांचे कमी गुण बघून 'भाषाविकास मागे' असा शेरा मारू नका. घरची भाषा वयाइतकीच ठळक नोंदवा, आणि चुकलेला शब्द त्या भाषेतही विचारून बघा.