लांबून वर्कस्टेशन चालवताय? मग या चुका टाळा

एसएसएचने (लांबून मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायच्या सोयीने) लॉगिन झालं की मशीन पुरतं आपल्या ताब्यात आलं, असं नव्या मंडळींना का वाटतं देव जाणे. एसएसएच सर्व्हर हा लिनक्स सिस्टिमवर चालणारा एक प्रोग्राम आहे. कर्नल (सिस्टिमचा गाभा) चढला, डिस्का माउंट झाल्या म्हणजे जोडल्या गेल्या, नेटवर्क आलं, की मग तो उठतो. त्याआधी काही अडलं तर तुमच्या टर्मिनलवर फक्त 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसतं. कारण कळत नाही.

'रीबूट मारून बघू'

ही माझी सर्वांत नावडती चूक. एका ग्रुपचं चार जीपीयूंचं (ग्राफिक्स कार्डांचं) वर्कस्टेशन महिनोन् महिने न थांबता चाललं होतं. ऑटोमॅटिक अपडेटने एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला. लायब्ररी नव्या आल्या, पण मेमरीत कर्नल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग) जुनंच. 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' म्हणून एनव्हिडिया-एसएमआयने (जीपीयूची स्थिती दाखवणाऱ्या कमांडने) हात वर केले. जीपीयू वापरणारं सगळं थांबवून, जुनं मॉड्यूल काढून नवं चढवलं की बहुतेकदा भागतं. पण तेवढा धीर कोणाला? एका उत्साही पोराने शुक्रवारी संध्याकाळी घरून सरळ रीबूट मारला. मशीन परत आलंच नाही.

पिंगला ('जागं आहेस का' असं विचारणाऱ्या संदेशाला) उत्तर नाही. वॉचमनला फोन करून बटण दाबायला लावलं. पंखे फिरले, पुन्हा सामसूम. सोमवारी मॉनिटर जोडला तेव्हा कळलं, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, अडकलं होतं. एफस्टॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) एका यूएसबी डिस्कची ओळ होती, आणि ती डिस्क कुणीतरी कधीच काढून नेली होती. चालू मशीनला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बूट होताना मात्र सगळं क्रमाने सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने तिची दीड मिनिट वाट पाहिली आणि पुढचं सगळं थांबवलं. नेटवर्क नाही, एसएसएच नाही. त्यात उबंटूवर रूट (सर्वाधिकारी) अकाउंट लॉक, म्हणजे पडद्यावर 'एंटर दाबा' आणि एंटर दाबलं की फिरून तेच. शेवटी लाइव्ह पेनड्राइव्हने बूट करून ती एक ओळ खोडली. या एका ओळीपायी शनिवार-रविवारचे सगळे जॉब गेले.

बूटसाठी गरज नसलेल्या प्रत्येक डिस्कच्या ओळीत मी 'नोफेल' (डिस्क नसली तरी बूट अडवू नको) लिहितोच. रीबूटआधी फाइंडएमएनटी या कमांडच्या 'व्हेरिफाय' पर्यायाने एफस्टॅब तपासतो, बूट पार्टिशन भरलेलं नाही ना ते बघतो. आणि मशीनपाशी कुणी असेल तेव्हाच रीबूट करतो. ड्रायव्हर आणि कर्नलचे ऑटोमॅटिक अपडेट बंद ठेवतो. सुरक्षेची काळजी करणारे यावरून माझ्याशी भांडतात, भांडोत. दर महिन्याला मी ते हाताने करतो.

बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड

एसएसएचचा पोर्ट न उघडताच यूएफडब्ल्यू हा फायरवॉल सुरू करणं. तो बिचारा विचारतोसुद्धा, की चालू एसएसएच जोडणी तुटू शकते, पुढे जाऊ का? लोक न वाचता 'वाय' दाबतात. तसंच पासवर्ड लॉगिन बंद करून मग पासवर्डऐवजी वापरायची की-फाइल चालते का ते बघणं. एसएसएचची कॉन्फिग बदलली की आधी एसएसएचडीला (एसएसएच सर्व्हरला) 'टी' पर्याय देऊन ती तपासा, जुनी खिडकी उघडीच ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून नवं लॉगिन होतंय ना ते पाहा. उबंटूवर नेटवर्कचं सेटिंग बदलायचं असेल तर 'नेटप्लॅन अप्लाय'ऐवजी 'नेटप्लॅन ट्राय'. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुन्या सेटिंगवर परततो. इतकी फुकटची सोय असूनही ती वापरणारे विरळाच.

बाकीच्या चुका पटापट.

लांबलचक जॉब टीमक्सशिवाय (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रामशिवाय) लावू नका. वायफाय गेलं की जॉबही गेला.

'रीबूट'ऐवजी 'पॉवरऑफ' टाइप झालं तर वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशीन चालू करायची सोय) वाचवेल, पण तो बायोसमध्ये आधीच चालू हवा आणि जागं करणारा संदेश, म्हणजे मॅजिक पॅकेट, पाठवायला त्याच नेटवर्कमध्ये दुसरं जागं यंत्र हवं. हँग झालेल्या मशीनवर त्याचा उपयोग शून्य.

डिस्क एन्क्रिप्ट केलीत? मग बूटच्या वेळी पासवर्ड कोण टाकणार? इनिट्रामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये) ड्रॉपबेअर हा छोटा एसएसएच सर्व्हर बसवा, नाहीतर ते मशीन लांबून चालवायचा नाद सोडा.

रॅम भरली की स्वॅपमध्ये (रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) मशीन इतकं रांगतं की लॉगिनचा प्रॉम्प्टही येत नाही. जॉबला मेमरीची मर्यादा घाला.

जीपीयू 'बसवरून पडला' असं सांगणारा एनव्हिडिया ड्रायव्हरचा एरर कोड, एक्सआयडी ७९, लॉगमध्ये दिसला तर ड्रायव्हरशी झटापट करत बसू नका. गरम होणं, वीज कमी पडणं, कार्ड सैल असणं, यांतलं काहीतरी असतं आणि ते बघायला डबा उघडावा लागतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींवर खरा इलाज म्हणजे बीएमसी. मदरबोर्डवरचा हा स्वतंत्र चिमुकला संगणक मुख्य सिस्टिम मेली तरी पडदा दाखवतो, बटण दाबतो. मशीन घेतानाच बघा, कारण अनेक वर्कस्टेशनमध्ये तो नसतो. असेल तर व्हीपीएनमागेच ठेवा, उघड्या इंटरनेटवर नाही. नसेल तर नेटवर्कवरून चालणारा केव्हीएम (मशीनचा पडदा, कीबोर्ड आणि माउस लांबून वापरू देणारं उपकरण) लावा. स्मार्ट प्लगचा जुगाड करणाऱ्यांनी आधी त्याची वॅट क्षमता पाहावी. चार जीपीयू पूर्ण ताकदीने चालले की हजार वॅटच्या वर सहज जातात. शिवाय वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग बायोसमध्ये हवं, नाहीतर प्लगने वीज तोडली आणि जोडली तरी मशीन बंदच राहील.