स्टार्टअपच्या नादात इंजिनीअरिंग-बीएस्सीची पोरं करतात त्या चुका, ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी खास वाचा

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रोजेक्ट एक्झिबिशनला जा, स्मार्ट डस्टबिन असतोच असतो. शेजारी झाडाला आपोआप पाणी घालणारं काहीतरी, पलीकडे चेहरा बघून हजेरी लावणारा कॅमेरा. मी अशा ठिकाणी परीक्षक म्हणून बसतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे विकत कोण घेणार? उत्तर येतं "सर, सोसायट्या". बरं, कुठल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारलंत? की मग पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागतात.

म्हणजे पहिली चूक तिथेच झालेली असते, विषय यूट्यूबवरून उचलायचा आणि गिऱ्हाईक मागाहून शोधायचं. दुसऱ्या गावातल्या पोरांचं एकवेळ समजू शकतो, पण ट्रान्स-हार्बर लोकलने रोज कॉलेजला जाणाऱ्यांनी हे करावं म्हणजे कमाल आहे, रबाळे-घणसोली-तुर्भे जाता-येता लागतात, सगळा टीटीसी एमआयडीसीचा म्हणजे कारखान्यांचा पट्टा, ठाण्यात वागळे इस्टेट, पलीकडे तळोजा, आणि तुर्भ्याला एपीएमसीचा घाऊक बाजार. कुठल्याही छोट्या वर्कशॉपच्या मालकाला अर्धा तास बोलतं केलं तरी दोन-तीन खरे प्रॉब्लेम हातात येतात.

पण बोलतं करायचं म्हणजे गुगल फॉर्म पाठवायचा नाही. फॉर्म भरतात ते तुमचेच वर्गमित्र आणि "असं ॲप आवडेल का?" वर ऐंशी-नव्वद टक्के हो येतं, ते तुमच्यावरचं प्रेम असतं. समोर जाऊन विचारा की शेठ, मागच्या वेळी माल खराब झाला तेव्हा काय केलंत, किती रुपये गेले? झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खरं सांगतो. आणि भाजी मार्केटला दुपारी बाराला जाऊन उपयोग नाही, तोपर्यंत खरा धंदा आटपलेला असतो, पहाटे जा.

आता एक केस नीट सांगतो कारण यात चार चुका एकदम दिसतात. एका टीमने आंबा पिकवायच्या रायपनिंग चेंबरसाठी मॉनिटर बनवला होता. विषय एक नंबर, कारण फळं पिकवायला कार्बाइडवर बंदी आहे, अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था एफएसएसएआय फळ पिकवणाऱ्या इथिलीन गॅसला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १००) परवानगी देतं, त्यामुळे व्यापाऱ्याला तापमान, आर्द्रता, गॅस तिन्हीवर लक्ष ठेवावंच लागतं. पोरांनी ईएसपी३२ या छोट्या वायफाय बोर्डला तापमान-आर्द्रतेचा डीएचटी११ सेन्सर जोडला, गॅससाठी एमक्यू सिरीजचा सेन्सर लावला, डॅशबोर्ड एकदम झकास. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळं चाललं. चेंबरमध्ये ठेवल्यावर आर्द्रतेचा आकडा नव्वदच्या आसपास जाऊन जो चिकटला तो हलेचना, आणि दोन दिवस सगळे कोडमध्ये बग शोधत बसले!

बग नव्हताच. डीएचटी११ ची रेंजच २० ते ९० टक्के, वर पाच टक्के इकडे-तिकडे, आणि रायपनिंग चेंबरमध्ये आर्द्रता ठेवतात ९०-९५ टक्के. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं हे. तिथे एसएचटी३१ सारखा शंभरपर्यंत जाणारा सेन्सर लागतो, थोडा महाग पडतो पण पर्याय नाही. एमक्यूवाला तर इथिलीन, अल्कोहोलची वाफ, धूर सगळ्यालाच प्रतिसाद देतो, त्याचा आकडा पीपीएम म्हणून व्यापाऱ्याला दाखवणं म्हणजे फसवणूकच. शिवाय बंद खोलीत फळांमुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, तो वेळोवेळी बाहेर सोडावा लागतो, हे टीममध्ये कोणाला माहीतच नव्हतं.

माहीत कसं असणार, सहाच्या सहा कॉम्प्युटरवाले. बीएस्सी केमिस्ट्री किंवा बॉटनीचा एक जण घेतला असता तर त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं. सेन्सर तपासायची सोपी ट्रिकही त्यानेच दिली असती, घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ थोड्याशा पाण्याने ओलं करून ठेवायचं, सेन्सर आत, काही तास थांबायचं, आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ स्थिर होते. तुमचा सेन्सर ६५ दाखवत असेल तर काय ते समजून घ्या. (स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी विद्यार्थी-स्पर्धेला सहा जणांत किमान एक मुलगी लागते म्हणून शेवटच्या दिवशी कोणालातरी नाव टाकायला घेतात आणि पीपीटी तिच्या गळ्यात मारतात, तेही बंद करा, लाज वाटते बघायला.)

बाकी दोन छोट्या गोष्टी. ब्रेडबोर्ड आणि त्यात नुसत्या खोचलेल्या जंपर वायर घेऊन लोकलने जाल तर पोचेपर्यंत दोन वायरी निघालेल्याच असतात, झीरो पीसीबीवर (भोकांच्या साध्या बोर्डवर) सोल्डर करा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये, इन्सुलेटेड खोलीत वायफाय मिळेलच असं धरून चालू नका, डेटा आधी एसडी कार्डवर जाऊ दे.

पेटंटचं लफडं वेगळंच. टेकफेस्टला सगळं उघडून दाखवायचं, इन्स्टावर रील टाकायची आणि मग म्हणायचं पेटंट करू. आपल्याकडे अर्जाआधी शोध जगजाहीर झाला की नावीन्यच जातं, सूट आहे ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं वगैरे ठराविक बाबतीत, तुमचा टेकफेस्ट त्यात बसत नाही. आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन फी १,६०० रुपये आहे, मग पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. पण कॉलेजची लॅब आणि पैसा वापरला असेल तर मालकीत कॉलेजचाही वाटा येऊ शकतो, २०१९ च्या राष्ट्रीय इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसीत तसं धरलेलं आहे, तेव्हा आपल्या कॉलेजचा नियम आधी विचारून घ्या. आणि "पैसे भरा, डिझाइन पेटंटमध्ये नाव टाकतो" असे मेसेज आले तर सरळ ब्लॉक. डिझाइन नोंदणी फक्त दिसण्याला संरक्षण देते, आत ते चालतं कसं त्याला नाही.

सेकंड इयरला प्रायव्हेट लिमिटेड काढणारेही भेटतात, लिंक्डइनवर फाउंडर लिहिता येतं म्हणून. एक रुपयाचा धंदा नसला तरी ऑडिटर नेमावा लागतो, दरवर्षी रिटर्न भरावे लागतात, उशीर झाला की एका फॉर्मला रोजचे १०० रुपये. दोन फॉर्म राहिले तर दोन्हींचं मिळून सहा महिन्यांत काय होतं ते कॅल्क्युलेटरवर बघा. पहिलं बिल फाडायला कोणा एकाच्या नावाने प्रोप्रायटरशिप आणि उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी पुरते, उद्यमला फी नाही.

पैसा खरंच लागायला लागला की प्रोटोटाइपसाठी निधी-प्रयास ही सरकारी योजना आहे, १० लाखांपर्यंत. अर्ज इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या स्टार्टअपला आधार देणाऱ्या केंद्रामार्फत जातो. आपल्या जिल्ह्यात भाईंदरला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीत अटल इन्क्युबेशन सेंटर आहे, पवईला आयआयटीचं साईन हे इन्क्युबेटर आहे, जाऊन भेटा तरी. पण तिथेही पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचाच येणार.

शेवटची भांडणं प्लेसमेंटच्या वेळी होतात. सातव्या सेमला ऑफर आली की दोघं गायब, आणि कोड त्यातल्याच एकाच्या लॅपटॉपवर. कोण किती वेळ देणार, सोडून गेला तर त्याचा हिस्सा किती, हे सुरुवातीलाच एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गिटहब आणि डोमेन कोणाच्या पर्सनल ईमेलवर असेल तर आजच बदला, नाहीतर तो बंगळुरूला गेल्यावर ओटीपीसाठी त्याच्या मागे लागत बसाल.