बेक्ड बटाटा: क्रीमचा की चीजचा, कसं ठरवाल?

दूध आटवलेल्या पातेल्याची खरवड कोणी खायची यावरून ज्यांची लहानपणी भांडणं झाली आहेत, त्यांना ‘ग्रातँ’ हा फ्रेंच प्रकार समजायला वेळ लागणार नाही. हे नाव ज्या फ्रेंच क्रियापदावरून आलं, त्याचा अर्थच खरवडणं. बटाट्याच्या पातळ चकत्या, त्यावर दूध-क्रीम किंवा चीज, ओव्हनमध्ये तासभर, आणि भांड्याच्या कडेला धरलेला तो खमंग तांबूस भाग. सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच.

याची दोन घराणी आहेत. आल्प्सच्या बाजूच्या दोफिने प्रांतातलं ग्रातँ दोफिनुआ हे क्रीमचं. त्याचा लेखी उल्लेख थेट १२ जुलै १७८८ च्या एका सरकारी मेजवानीत सापडतो. जुन्या वळणाच्या दोफिनुआत चीज नसतंच. शेजारच्या साव्हुआ प्रांतात मात्र थरांमध्ये बोफोर चीज घालतात आणि क्रीमऐवजी मांसाचं किंवा कोंबडीचं स्टॉक (उकळून गाळलेलं पाणी) ओततात. अमेरिकेत हीच जोडी ‘स्कॅलप्ड’ आणि ‘ओ ग्रातँ’ या नावांनी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर येते. तिथे नावांची सरमिसळ इतकी आहे की नावावर जाण्यात अर्थ नाही. चकत्यांच्या मधे काय आहे तेवढं विचारायचं.

आधी शेजार बघा

हा तोंडी लावायचा पदार्थ आहे, त्यामुळे निर्णय बटाट्याचा नसून शेजारच्या पदार्थाचा असतो. मुख्य पदार्थ कोरडा आणि भाजलेला असेल (रोस्ट चिकन, टर्की, तंदुरी पनीर, भाजलेली फुलकोबी), तर क्रीमचा करा. त्याचा ओलावा रश्शाचं काम करतो आणि चव सौम्य असल्यामुळे तो मुख्य पदार्थावर कुरघोडी करत नाही. चीजचा बटाटा स्वतःच पोटभरीचा. त्याच्यासोबत काहीतरी आंबट किंवा कच्चं लागतं: लिंबू पिळलेली कोशिंबीर, पानांचं सॅलड, व्हिनेगरमधला कांदा. पनीर माखनवाला आणि चीजचा बटाटा एका ताटात आले, तर तिसऱ्या घासालाच जेवण संपतं. मुख्य पदार्थ रस्सेदार असेल तर माझ्या मते दोन्ही नकोत, साधा जिरं घातलेला बटाटा करावा.

डबा घेऊन पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला) जायचं असेल तर क्रीमचा. तो कोमट झाला तरी खाता येतो. चीज गार झालं की वर रबरासारखा पापुद्रा धरतो, मोझरेला असेल तर जास्तच. घरी मुलांचा वाढदिवस असेल तर मात्र फार विचार करू नका, चीजच.

जेवणारे शाकाहारी आहेत का?

परदेशातल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न खरा आहे, कारण थँक्सगिव्हिंगला शाकाहारी पाहुण्यांचं जेवण या तोंडी लावण्यांवरच होतं. चीज करताना दूध घट्ट व्हावं म्हणून रेनेट वापरतात आणि पारंपरिक युरोपीय चीजमध्ये ते वासराच्या जठरातलं असतं. अस्सल पार्मेझानमध्ये तर नियमानेच. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून निश्चिंत व्हा; परदेशात पाकीट उलटून शाकाहारी किंवा मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासूनचं) रेनेट लिहिलंय का ते वाचा. दुसऱ्याच्या घरचं ‘ओ ग्रातँ’ असेल तर स्टॉकबद्दलही विचारून घ्या. एवढी चौकशी करायची नसेल, तर क्रीमचा बटाटा सोपा पडतो.

बटाटा, आणि आपली एक सवय

फार पिठूळ बटाटा विरघळून लगदा होतो, फार चिकट बटाटा रस धरत नाही. मधला हवा. ओळखायचं कसं? ११ वाट्या पाण्यात १ वाटी मीठ विरघळवून त्यात बटाटा सोडा. पिठूळ बुडतो, चिकट तरंगतो. रोज कोण करणार, पण नव्या दुकानातून आणले असतील तर एकदा करून बघा. गोडसर लागणारे, शीतगृहातले बटाटे टाळा. ते लवकर करपतात आणि क्रीमसोबत अगदीच गुळचट लागतात.

आता सवय. काचऱ्या असोत की वेफर्स, बटाटा चिरला की आपला हात आपोआप पाण्याच्या पातेल्याकडे जातो. इथे ते करायचं नाही. तो पांढरा स्टार्चच दूध दाट करतो. मी पहिल्यांदा चकत्या तीन पाण्यांत धुतल्या होत्या. दीड तासाने ओव्हनमधून बटाट्याचं सार निघालं. बटाटे अख्खे असतानाच धुवा, सोला, चिरा आणि लगेच दुधात टाका. चकती साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवल्याएवढी. वेफर्सची किसणी त्यासाठी फार बारीक पडते.

क्रीमचा करायचा ठरला तर

१ किलो बटाट्याला ४०० मिलि क्रीम, २०० मिलि दूध, लसणाच्या २ पाकळ्या, दीड चमचा मीठ, मिरपूड आणि किसलेलं जायफळ. जायफळ नावापुरतंच, नाहीतर श्रीखंडाची आठवण येते.

नुसत्या दुधात करायचा मोह होतो, पण कमी स्निग्धांशाचं दूध एवढा वेळ तापलं की फाटतं. क्रीमच्या स्निग्धांशामुळे ते टळतं. आपल्याकडच्या खोक्यातल्या क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, तेवढा चालतो. धास्ती वाटत असेल तर गार दुधात एक चमचा कॉर्नफ्लोअर कालवून घ्या. घरची साय वापरू नका. ती तापत गेली की तूप सुटतं, हे मराठी घरात सांगायला नको.

चकत्या याच मिश्रणात मंद आचेवर ८-१० मिनिटं शिजवा, हलक्या हाताने हलवत राहा, तळाला लागू देऊ नका. मिश्रण दाटसर झालं की चाखा. किंचित खारट लागायला हवं, बटाटा मीठ ओढतो. लसूण चोळलेल्या, लोणी लावलेल्या उथळ भांड्यात ओता आणि १८० अंश सेल्सियसवर ४०-४५ मिनिटं ठेवा. सुरी लोण्यात गेल्यासारखी आत गेली पाहिजे. ओटीजीत वरची बाजू लवकर काळी पडते, तेव्हा भांडं खालच्या कप्प्यात ठेवा.

चीजचा करायचा ठरला तर

इथे आधी व्हाइट सॉस. ४० ग्रॅम लोण्यावर ४० ग्रॅम मैदा परता, कच्चा वास गेला की ६०० मिलि दूध थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. गॅस बंद करा आणि मगच १५० ग्रॅम किसलेलं चीज घाला. उकळत्या सॉसमध्ये चीज टाकलं की ते रवाळ होऊन तेल सोडतं.

चीज कोणतं? मोझरेलाला तार सुटते, पण चव नाही. मुरलेल्या चेडरला चव आहे, पण ते लवकर तेलकट होतं. आपले प्रोसेस्ड चीजचे क्यूब अनेक जण नाकारतात, पण त्यात तेल-पाणी एकजीव ठेवणारे (इमल्सिफाय करणारे) क्षार असल्यामुळे सॉस फाटत नाही. मी अर्धं चेडर, अर्धं प्रोसेस्ड घेते आणि वर मूठभर मोझरेला. चीज खारट असतं म्हणून मीठ क्रीमच्या बटाट्यात घालतो त्याच्या निम्मं.

चकत्या आणि सॉस यांचे थर लावा. बटाटा कच्चाच असल्यामुळे भांडं फॉइलने घट्ट झाका आणि १८० अंशांवर ४५ मिनिटं ठेवा. मग फॉइल काढा, मोझरेला पसरा आणि आणखी २० मिनिटं. मोझरेला सुरुवातीलाच घातलं तर आत बटाटा कच्चा आणि वर कोळसा.

दोन्ही प्रकार बाहेर काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही. रस तेवढ्या वेळात आळतो. लगेच वाढलं तर ताटभर पळतं.

उरलाच, तर क्रीमचा फ्रिजमध्ये वडीसारखा घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी चौकोन कापा आणि तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी लाल करा. चीजचा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, तेल वेगळं होतं. दोन चमचे दूध शिंपडून, झाकून ओव्हनमध्येच मंद गरम करा.