पोथ्या आणि जुने कागद टिपण्यासाठी संगणकावरून कॅमेरा कसा चालवावा

घरातली हस्तलिखित पोथी, मोडी कागदांचा रुमाल किंवा जुन्या जमाखर्चाच्या वह्या यांची छायाचित्रे घ्यायची असतील, तर कॅमेरा हातात धरून काम भागत नाही. पाने शेकडो असतात, प्रत्येक पान एकाच मापाचे, एकाच उजेडातले आणि कडेपर्यंत सुस्पष्ट यावे लागते, आणि बटण दाबताना बसणारा बोटाचा हलका धक्काही बारीक अक्षर पुसट करायला पुरतो. म्हणून कॅमेरा स्टँडवर खाली तोंड करून पक्का बसवावा, यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मांडणी एकदा जमली की काम संपेपर्यंत त्याला हात लावू नये. धक्का टळतो हा यातला लहान फायदा आहे. खरा फायदा असा, की टिपलेले पान लगेच मोठ्या पडद्यावर उघडते, आणि अनुस्वार, काना, कीड लागलेल्या भोकांच्या कडा नीट आल्या आहेत की नाहीत हे पान उलटण्यापूर्वीच कळते. पोथी दुसऱ्याच्या घरची असेल तर ती पुन्हा मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे ही तपासणी तिथल्या तिथे होणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे संगणकाशी ‘पीटीपी’ या प्रमाणित पद्धतीने बोलतात. तिचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५७४० हे आहे. मात्र या मानकात छायाचित्रे उतरवून घेण्याचा भाग सर्वत्र सारखा असला, तरी शटर उघडणे, कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता (तिलाही ‘आयएसओ’ म्हणतात) बदलणे यांसारख्या आज्ञांसाठी प्रत्येक कंपनीने आपापली भर घातलेली आहे. त्यामुळे एखाद्या कॅमेऱ्यातून फोटो संगणकावर येतात म्हणून तो संगणकावरून चालवता येईलच असे नाही. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यांत ही सोय बहुधा नसते. जुना कॅमेरा विकत घेण्यापूर्वी ‘लिबजीफोटो२’ या मुक्त प्रकल्पाने दिलेली कॅमेऱ्यांची यादी पाहावी आणि आपल्या मॉडेलपुढे छायाचित्र टिपण्याची क्षमता नोंदलेली आहे का, तेवढे तपासावे.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला पैसे खर्च करण्याची गरज नाही. कॅननचे ‘ईओएस युटिलिटी’, निकॉनचे ‘एनएक्स टेदर’ आणि सोनीचे ‘इमेजिंग एज’ ही विंडोज व मॅकवर चालणारी सॉफ्टवेअर त्या त्या कंपनीकडून विनामूल्य मिळतात. विंडोजवर ‘डिजीकॅमकंट्रोल’ हाही चांगला मुक्त पर्याय आहे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ‘एन्टँगल’ आणि ‘डार्कटेबल’ आहेत, आणि आज्ञा टंकून काम करण्याची सवय असेल तर ‘जीफोटो२’ आहे. नवशिक्याने कंपनीच्या सॉफ्टवेअरने आरंभ करावा; परंतु हजारो पानांचा संग्रह असेल तर मी जीफोटो२ची शिफारस करेन, कारण छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली की एका कळीवर पान टिपले जाते, संगणकावर उतरते आणि ठरवलेल्या नावाने ठरवलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते.

जोडणी करताना नेहमीच्या काही अडचणी येतात. काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांतून माहिती जातच नाही. यूएसबी २.० केबलची लांबी ५ मीटरच्या आत असावी, आणि मध्ये हब न घालता ती थेट लॅपटॉपला लावावी. सोनीच्या कॅमेऱ्यांत यूएसबी जोडणीच्या मेनूत ‘पीसी रिमोट’ निवडावे लागते. लिनक्सवर कॅमेरा लावताक्षणी फाइल मॅनेजर त्याला पेन ड्राइव्हप्रमाणे उघडतो आणि मग जीफोटो२ला त्याचा ताबा मिळत नाही; अशा वेळी फाइल मॅनेजरमधून कॅमेरा ‘अनमाउंट’ करावा, केबल काढू नये. कॅमेऱ्याचा आपोआप बंद होण्याचा मेनू निष्क्रिय करावा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे भिंगातले दृश्य पडद्यावर थेट दाखवण्याची सोय, सतत चालू राहिल्यास बॅटरी लवकर उतरते, म्हणून दीर्घ कामासाठी बॅटरीच्या जागी बसणारा आणि भिंतीच्या विजेवर चालणारा अडॅप्टर घ्यावा.

मग कॅमेरा आणि पान एकमेकांना समांतर करावेत. त्यासाठी टेबलावर, पान ठेवायच्या जागी, एक लहान सपाट आरसा ठेवावा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा सरकवावा. मध्यभागी आले की कॅमेरा समांतर झाला; त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. दिवे दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत लावावेत आणि खोलीतला इतर उजेड बंद करावा.

कॅमेऱ्याची चकती ‘एम’वर (मॅन्युअल, म्हणजे सर्व मापे स्वतः ठरवण्याची पद्धत) हातानेच फिरवावी लागते, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत ती संगणकाला फिरवता येत नाही. बाकीचे सारे पडद्यावरून ठरवता येते: आयएसओ १००, ॲपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८, फाइल रॉ (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) आणि जेपेग दोन्ही, व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांची दुरुस्ती) राखाडी कार्डावरून ठरवलेला. शटरच्या वेळेबाबत एक काळजी घ्यावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि जलद शटरने टिपलेल्या फोटोत आडवे पट्टे उमटू शकतात. १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवल्यास हा दोष टळतो, आणि कॅमेरा स्टँडवर असल्याने इतका मंद वेग चालतो.

फोकस हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. लाइव्ह व्ह्यू पाचपट किंवा दहापट मोठा करून शाईच्या एखाद्या बारीक रेषेवर फोकस साधावा, त्यानंतर भिंगावरची कळ ‘एमएफ’वर (हाताने फोकस) न्यावी आणि फोकसच्या कड्यावर कागदी टेपचा तुकडा चिकटवावा. ऑटोफोकस तसाच ठेवला तर कोऱ्या किंवा फिकट पानावर कॅमेरा फोकस शोधत राहतो आणि शटर उघडतच नाही. पोथीची सुटी पाने एकावर एक न ठेवता प्रत्येक पान त्याच फळीवर ठेवावे, म्हणजे उंची बदलत नाही. शिवलेल्या वहीत मात्र पाने उलटतील तशी एक बाजू वर येते आणि दुसरी खाली जाते, म्हणून खालच्या बाजूखाली पुठ्ठे सरकवत जावे आणि दर वीस-पंचवीस पानांनी फोकस पुन्हा तपासावा.

२४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्रात साधारण ६००० गुणिले ४००० बिंदू असतात. ए४ आकाराचे पान चौकटभर घेतले तर इंचाला सुमारे ४८० बिंदू मिळतात आणि कडेला मोकळी जागा सोडली तरी ४०० उरतात. वाचनासाठी आणि छपाईसाठी हे भरपूर आहे.

छायाचित्र संगणकावर आणि मेमरी कार्डावर, दोन्हीकडे जाईल असे सॉफ्टवेअरमध्ये निवडावे. पहिल्या चित्रात मोजपट्टी, रंगपट्टी आणि पोथीचे नाव लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. फाइलच्या नावात पोथीचा क्रमांक, पानाचा क्रमांक आणि बाजूसाठी ‘अ’ किंवा ‘ब’ असावा. देवनागरी पोथ्यांत पानाचा आकडा बहुधा मागच्या बाजूवर असतो, तेव्हा पहिली बाजू टिपतानाच हिशेब नीट ठेवावा. दोघे असतील तर एकाने पाने उलटावीत आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासून कळ दाबावी. एकट्याने काम करायचे असेल तर यूएसबीचे पायाचे पेडल मिळते, ते संगणकाला कीबोर्डच्या कळीसारखेच वाटते आणि दोन्ही हात पानासाठी मोकळे राहतात. ठराविक सेकंदांनी आपोआप टिपण्याची सोय जीफोटो२मध्ये आहे, पण जीर्ण कागदांसाठी ती वापरू नये, कारण तिच्यामुळे हात घाई करतात आणि पान फाटते.

मध्येच जोडणी तुटली तर सॉफ्टवेअर बंद करावे, कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू करावा आणि शेवटची फाइल उघडून पाहून मगच पुढचे पान घ्यावे. पोथी परत बांधण्यापूर्वी फोल्डरमधल्या फाइलींची संख्या पानांच्या बाजूंशी ताडून पाहावी आणि सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरल्याशिवाय कार्ड पुसू नये.