गाडीचा हप्ता आधी सहा महिने स्वतःलाच भरून पाहा

गोव्यात गणेश चवथीच्या तोंडावर शोरूममध्ये एकच आकडा पुढे केला जातो: महिन्याचा हप्ता. तेवढा पाहून सही करू नका. ८ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १३,०७५ रुपये बसतो, आणि व्याजच जवळपास २ लाख ९८ हजार जाते. ५ वर्षांत फेडायचे म्हटले तर हप्ता १६,८०० च्या आसपास, व्याज २ लाख ८ हजार. म्हणजे हप्ता हलका वाटावा म्हणून ९० हजार जास्त मोजायचे.

म्हणून गाडी बुक करण्याआधी सहा महिने तो हप्ता, वर पेट्रोल, विमा आणि सर्व्हिसिंगचे मिळून पाच-सहा हजार, पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका. त्यात जून ते ऑगस्ट येऊ द्या. पर्यटकांच्या टॅक्सी, किनाऱ्यावरचे शॅक, गेस्ट हाऊसवर घर चालत असेल तर खरी परीक्षा पावसातच होते. एकदा जरी त्या खात्यातून पैसे काढावे लागले, तर ती गाडी आत्ता आपल्याला झेपणारी नाही. लहान किंवा जुनी गाडी बघा. निभावले, तर साठलेली रक्कम डाउन पेमेंटला घाला, कर्ज तेवढे कमी होईल.

२०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली, सांग्यात खनिज वाहण्यासाठी कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. मिळकत थांबली, हप्ते थांबले नाहीत.